तळवा पाण्याबाहेर

"बाई, तुमचं काहीतरी सुटलं!" टिटवी ओरडली.

आल्यापासून ती ओरडतच होती. बाईंनी तिला हे नाव उगाच दिलं नव्हतं. आज पहिल्यांदाच पोहायला आलेल्या सात-आठ मुली कमरेला फोमचे पट्टे बांधून उथळ टोकाला पाय सोडून बसल्या होत्या. सगळ्या आता बाईंच्या शेजारी डुलणाऱ्या एका मऊ, कातडीच्या रंगाच्या उशीकडे बघत होत्या.

उशी छान तरंगत होती.

बाईंची ताई काठावर टॉवेल घेऊन बसली होती; तिचा चेहरा उतरला. धाकट्या बहिणीच्या पोहण्याच्या पोशाखाला आतून खिसा शिवून तिनेच ती उशी बसवून दिली होती. "कुणाच्या बापाला कळायचं नाही," असं वर ठणकावलंही होतं.

बाईंनी उशी उचलली, पिळली, काठावर ठेवली. पोशाखाची डावी बाजू ओल्या कागदासारखी बरगड्यांना चिकटली.

"तिथे काय झालं?"

"कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी तो स्तन काढून टाकला."

मुलींनी यावर विचार केला.

"म्हणजे एकाच बाजूला सपाट," टिटवीने निकाल दिला. "आमचं तर दोन्हीकडे सपाटच आहे."

ताईने टॉवेलात तोंड खुपसलं. तिला हसू आलं होतं की आणखी काही, ते दिसलं नाही.

"आता तरंगून दाखवा ना!"

खरी गोची इथेच होती. दर नव्या वर्गाला बाई पहिल्या दिवशी हेच दाखवत. हातपाय न हलवता पाण्यावर उताणं पडायचं, आपल्या पलंगावर पडावं तसं. ते बघूनच मुलींची निम्मी भीती पळायची. ऑपरेशननंतरच्या या पहिल्या वर्गात ते जमलं नाही तर गळ्यातली शिट्टी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची, असं त्यांनी घरून निघतानाच ठरवलं होतं. ताईला ते ठाऊक होतं. म्हणून तर ती टॉवेलाचं निमित्त करून आली होती.

बाई उताण्या झाल्या. कान पाण्याखाली गेले आणि सगळे आवाज मिटले. वर काचेचं छत होतं. पाण्यातला उजेड तिथे जाऊन हलत होता. मग झोपेतल्या माणसाला कुणीतरी कूस बदलायला लावावी तसं पाण्याने त्यांना अगदी हळू डावीकडे वळवलं. नाकात पाणी गेलं. त्या खोकत उभ्या राहिल्या.

"पुन्हा कर," ताई म्हणाली. "गाडी सुटतेय का तुझी?"

पुन्हा तेच झालं. डावी बाजू बुडत होती.

आरशापुढे उभं राहिलं की त्यांना वाटायचं, आपल्या अंगावरचं वजन कुणीतरी एका बाजूने उतरवून नेलंय. पाणी वेगळंच सांगत होतं. जे गेलं ते हलकं होतं. ते त्यांना वर धरून ठेवत होतं.

तिसऱ्या वेळी त्यांनी उजवा हात बाजूला पसरला. वळणं थांबेना. मग त्यांनी तळवा मनगटापर्यंत पाण्याबाहेर काढला, छताकडे उघडा. हवेत येताच हाताला त्याचं वजन परत मिळालं. तेवढं पुरलं. उजवी बाजू किंचित खाली गेली, डावी वर आली आणि अंग थांबलं.

छतावरचा उजेड खाली उतरून तळव्यात बसत होता, उठून जात होता. डाव्या बरगड्यांवरून पाणी वाटेत काही नसल्यासारखं सरळ निघून जात होतं. ते थंड होतं आणि बरं वाटत होतं. टोपीखाली केस कुणाचे लांब, कुणाचे नुकते उगवलेले, इथे काही कळत नव्हतं. बाई लहान झाल्या, मग म्हाताऱ्या झाल्या, मग कुणीच नव्हत्या. हात तेवढा उघडा होता.

त्या उभ्या राहिल्या.

मुली केव्हाच पाण्यात उतरल्या होत्या. उथळ पाण्यात साऱ्या उताण्या पडल्या होत्या; प्रत्येकीचा उजवा हात पसरलेला, तळवा पाण्याबाहेर, छताकडे उघडा. आणि एकजात सगळ्या उजवीकडे कलंडत होत्या.

हात खाली घ्या, असं सांगायला बाईंनी शिट्टी ओठांशी नेली.

"बाई," टिटवी रडकुंडीला आली होती, "आम्ही सगळ्या वाकड्या होतोय. तुम्हीच तेवढ्या सरळ कशा राहता?"