हंसाचा बोंबल्या

सासष्ट सालची गोष्ट. दातिवऱ्याच्या खाडीत चिखलात रुतलेलं कुत्र्याचं पिल्लू हंसाने पदरात गुंडाळून घरी आणलं. "लेकरू नाय आपल्याला. आता हाच आपला बोंबल्या," ती नवऱ्याला म्हणाली. एकनाथ नुसता कुरकुरला.

वर्षभरात हंसा तापाने गेली. बोंबल्या रोज उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे पाहत राही. एकनाथला ते बघवेना. एका सकाळी त्याने बोंबल्याला मासळीच्या बैलगाडीतून नेऊन पालघरच्या बाजारात सोडून दिलं.

काही दिवसांनी बोंबल्या दारात उभा होता. पंजे रक्ताळलेले, बरगड्या वर आलेल्या. हंसा गेली तेव्हाही न रडलेला एकनाथ त्याला कवटाळून हुंदके देऊ लागला.

"तुला वाट गावली, मग तिला पन घेऊन यायचं ना रं!"