दहा मिनिटं गप्प

"आता दहा मिनिटं ब्र काढायचा नाही," परीक्षक बाई म्हणाल्या. "खुणा नाहीत, खाकरणं नाही. बोललीस तर या परीक्षेत शून्य, आणि शून्य म्हणजे डिग्री पुढच्या वर्षी. कळलं?"

मुलीने मान हलवली. वर्गात तिला सगळे रेडिओ म्हणत. चार वर्षांत तिला सलग दहा मिनिटं गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पण गेम डिझाइनच्या शेवटच्या परीक्षेचा नियमच तसा होता. ज्याने गेम कधी पाहिलेला नाही त्याच्या हाती माउस द्यायचा आणि बनवणाऱ्याने मागे उभं राहून मुकाट्याने बघायचं. विकलेला गेम समजावून सांगायला घरोघरी कोण जाणार?

खेळायला येणारा माणूस ऐन वेळी आलाच नाही, म्हणून बाईंनी दाराबाहेरच्या बाकावरून रेडिओच्या वडिलांनाच आत बोलावलं होतं. "घरचं माणूस चालेल. उलट घरच्यांसमोर गप्प बसणं जास्त अवघड," त्या म्हणाल्या.

वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. लेकीची शेवटची परीक्षा म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. गेम बनवायचीही डिग्री असते हे त्यांना अजून पुरतं पटलेलं नव्हतं. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि त्यांनी माउस जपून हातात घेतला.

रेडिओला मनातल्या मनात हसू फुटलं. तिचा गेम लिफ्टचाच होता! दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली आहे, आत एक म्हातारी आहे. वरच्या मशीनच्या खोलीत जायचं, लोखंडी पेटी उघडायची, निसटलेली वायर जोडायची, की म्हातारी सुटली. वर्गातल्या पोरांना तीन मिनिटं लागली होती. बाबांचा तर हातखंडा.

"कुणी आहे का?" पडद्यावरून म्हातारीचा आवाज आला.

"आलो, आलो आजी," वडील म्हणाले.

ते भराभर मशीनच्या खोलीत पोचले. पण पेटीकडे गेलेच नाहीत. थेट भिंतीवरच्या मेन स्विचकडे गेले आणि त्याच्या लाल दांड्यावर माउस दाबला. काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबला. मग पुन्हा.

तो स्विच म्हणजे नुसतं चित्र होतं. भिंत ओकीबोकी दिसते म्हणून तिने हौसेने काढलं होतं. तो चालता करायचा राहून गेला होता, आणि वर्गातल्या एकाही शहाण्याने त्याला कधी हात लावला नव्हता. त्यामुळे काही राहिलंय हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मेन बंद होत नाहीये," वडील स्वतःशीच पुटपुटले. त्यांनी खोलीचा कानाकोपरा धुंडाळला. दुसरा स्विच नव्हता. पाच मिनिटं झाली.

"कुणी आहे का?"

"आहे, आहे. घाबरू नका."

बाई काहीतरी लिहीत होत्या. रेडिओने जीभ दाताखाली धरली. पेटी उघडा ना बाबा, फक्त पेटी! सात मिनिटं झाली, मग आठ. वडिलांचा माउस त्या लाल दांड्यावर टकटक करत राहिला.

नवव्या मिनिटाला गेममधला दिवा गेला आणि पडदा क्षणभर काळा झाला. त्या काळ्या काचेत वडिलांना मागे उभ्या असलेल्या लेकीचा रडवेला चेहरा दिसला. ते बघत राहिले. दिवा आला तेव्हा त्यांनी स्विच सोडला आणि बाण हळूहळू पेटीकडे नेला.

रेडिओचा जीव भांड्यात पडला. अजून चाळीस सेकंद होते. तेवढ्यात नक्की होईल.

तेवढ्यात तिला वडिलांचा डावा हात दिसला. तो टेबलावरून उचलला गेला आणि पँटच्या खिशात शिरला.

चालू वायरीला हात लावायची पाळी आलीच तर दुसरा हात खिशात ठेवायचा, म्हणजे झटका काळजातून जात नाही. हे त्यांनी तिला लहानपणी एकदाच सांगितलं होतं. आपण तशी पाळी कधी येऊ देत नाही, तूही येऊ द्यायची नाहीस, अशी तंबीही दिली होती. आता त्यांच्या मानेवर घाम आला होता. उजव्या हाताचं बोट माउसवर टेकलं होतं.

पेटी हे चित्र होतं, वायर हे चित्र होतं. त्या वायरीने मुंगीसुद्धा मेली नसती. हे रेडिओइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बाबा, नको!"

बाईंचं पेन थांबलं.

"बोललीस."

"हो मॅडम."

"अजून अर्धं मिनिट होतं. ते पेटी उघडतच होते."

"हो, दिसत होतं मला."

वडील गोंधळून मागे वळले. "काय झालं गं? माझं काही चुकलं का?"

"नाही बाबा. तुमचं बरोबर होतं. उठा आता."

वडील उठले, पण त्यांचा पाय निघेना. पडद्यावरून पुन्हा हाक आली. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. डावा हात अजून खिशातच होता.

"मग त्या आजीचं काय?"

"पुढच्या वर्षी सोडवू," रेडिओ म्हणाली. "आधी मेन चालता करते."