रिकामी पेटी

“दिसला, दिसला! ती तळाची गाठ आहे ना, ती गाठ नाहीच मुळी, कोळी आहे तो!” चष्मेवाल्या बाई काचेला नाक लावून ओरडल्या, तसा मागचा सगळा घोळका पुढे झुकला.

कोपऱ्यात झाडू घेऊन उभ्या असलेल्या हरणमावशींनी हसू गिळलं. त्या काचेच्या पेटीत एक वाळकी, गाठाळ फांदी होती. कोळी नव्हता. गेले चार महिने नव्हता. पण पेटीवर ‘शोधा पाहू!’ अशी पाटी होती, आणि पाटी आहे म्हटल्यावर लोकांना दिसणारच की! काल म्हणे वरच्या गाठीत दिसला, परवा मधल्या, आज तळाच्या. एकाला दिसला की दुसऱ्यालाही दिसलाच पाहिजे, नाहीतर चारचौघांत आंधळं ठरायची पाळी. साहेबसुद्धा अधूनमधून डोकावायचे आणि खूश होऊन जायचे. तेव्हा मावशींना साहेबांची फार दया यायची.

मावशींची हयात या प्राणिसंग्रहालयात हरणांमागे गेली, म्हणून हे नाव. हरणांचा विभाग बंद झाला आणि साहेबांनी त्यांना कोळ्यांच्या दालनात आणून उभं केलं. “ही एक मादी तेवढी जिवापाड जपा, मावशी. असा फांदीत मिसळून जाणारा कोळी दुसऱ्या कुठल्याच संग्रहालयात नाही,” असं दहादा बजावलं. आणि थोड्याच दिवसांत, एका सकाळी, ती पेटीच्या तळाशी पडलेली, पाय पोटाशी घेऊन. मावशींच्या पायाखालची जमीनच सरकली. हरीण आजारी पडलं तर आधी चारा सोडतं, कळतं तरी. ही बया काही सांगून का मेली? नोकरी जाणार या धास्तीनं त्यांनी तिला कागदात गुंडाळलं, मागच्या कुंपणापाशी पुरलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

पुढचं सगळं नाटक. रोज फांदीवर पाणी शिंपडायचं, रोज संध्याकाळी दोन-चार रातकिडे पेटीत सोडायचे. ते रातकिडेही कसले बिलंदर, सकाळपर्यंत कुठल्याशा फटीतून पसार! मावशींनी पेटीचा कोपरा न् कोपरा चिकटपट्टीनं बुजवला, तरी तेच.

घोळका पुढच्या पेटीकडे सरकला आणि साहेब जवळजवळ धावतच आत आले.

“मावशी, नर मिळाला! किती वर्षं पत्रं लिहीत होतो मी! उद्या पोचतोय. आता हिची पिल्लं होतील, शेकड्यानं होतील!” साहेबांचे डोळे भरून आले होते. “तुम्ही जपलीत तिला, म्हणून हो.”

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. शिव्या दिल्या असत्या तर त्या निमूट ऐकून घेतल्या असत्या. हे कौतुक मात्र सोसवेना.

“साहेब, ती गेली हो. चार महिने झाले. पेटी रिकामी आहे.”

साहेब हसले. मग त्यांनी मावशींच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. “भलतंच काय बोलताय? सोमवारी मी स्वतः पाहिली तिला!”

“तुम्हीसुद्धा पाटीच पाहिलीत, साहेब!” मावशींना रडू फुटलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. त्यांनी पेटीचं झाकण फाडकन उघडलं आणि आत हात घातला. “या हातांनी पुरलीय मी तिला. वाळल्या पानासारखी हलकी झाली होती बिचारी. आतून पोकळ, नुसतं टरफल!”

“पोकळ?” साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. “अहो, ती कात होती! कात टाकली होती तिनं! मावशी, थांबा, हात काढा, हात बाहेर काढा!”

पण मावशी आता कोणाचं ऐकायच्या पलीकडे गेल्या होत्या. “ही बघा, ही बघा तुमची गाठ! लाकूड आहे, नुसतं लाकूड!” असं म्हणत त्यांनी तळाची गाठ मुठीत धरली आणि सगळा जीव एकवटून आवळली.

गाठ मऊ होती.