वरच्या मजल्यावरची काठी

वरून काठी आपटली तेव्हा अख्खी बालवाडी बेडूक झाली होती.

ताईंनी फरशीवर खडूने मोठाले आकडे काढले होते. तीनवर पोचलं की तीन उड्या, चारवर चार. मुलं उड्या मारत, घसा ताणून मोजत, आणि लगेच वरून ठक, ठक, ठक.

“घरमालक चिडले,” मोठ्या बाई दारातून म्हणाल्या. बालवाडी त्यांची, जागा मात्र वर राहणाऱ्या घरमालकांची. “बरं नसतं त्यांना, हल्ली खालीही उतरत नाहीत. त्यात हा धिंगाणा. ताई, पाट्या द्या आणि बसवा सगळ्यांना.”

“चार वर्षांचं मूल बसून काय शिकणार? फार तर बसायला शिकेल.”

“वर तोंड करून बोलू नका. जागा गेली तर यांना काय रस्त्यावर बसवायचं?”

बाईंचंही खोटं नव्हतं. या भागात दुसरी जागा मिळणं मुश्कील होतं. पण ताई हट्टाला पेटल्या होत्या. बाईंची पाठ वळताच त्यांनी डोळे मिचकावले आणि बेडूक पुन्हा सुटले.

चार उड्या. वरून चार ठोके.

पाच उड्या. वरून चारच.

“आजोबा चुकले!” नकटी ओरडली. वर्गात सगळ्यात लहान आणि सगळ्यात आगाऊ तीच. मग सगळ्यांनी पुन्हा पाच उड्या मारल्या, आणखी जोरात. वर जरा वेळ सामसूम. मग पाच ठोके, आणि शेवटचा तर असा की छताचा पोपडा खाली पडला.

ताईंना हसू आवरेना. म्हातारा इरेला पेटला होता, तर त्याही काही कमी नव्हत्या. उद्या सहा, त्यांनी मुलांना सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईच वर्गात खुर्ची टाकून बसल्या. फरशी पुसलेली. मुलं ओळीने, तोंडावर बोट. ताई भिंतीला टेकून उभ्या, रागाने लाल.

वरून एक ठोका आला. कोणी हललं नाही. थोड्या वेळाने दोन. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग जिन्यात काठीचा आवाज. एकेक पायरी.

“आले,” बाई पुटपुटल्या. “माफी मागा, ताई. माझ्यासाठी नको, या पोरांसाठी.”

“पोरांसाठीच मागणार नाही.”

ताईंनी खडू उचलला, पुसलेल्या फरशीवर भला मोठा सहा काढला आणि त्याच्याशेजारी पाय रोवून उभ्या राहिल्या.

दार उघडलं. घरमालक बायकोच्या खांद्याचा आधार घेऊन उभे होते.

“काका, उड्या बंद होणार नाहीत,” ताई म्हणाल्या. “काढायचं तर मला काढा.”

घरमालकांचे ओठ हलले, शब्द फुटेना. त्यांच्या बायकोने ओळीत बसलेल्या मुलांकडे पाहिलं.

“आज सगळे गप्प का?” त्या म्हणाल्या. “अर्धांगाचा झटका आल्यापासून यांच्या डोक्यातले आकडे पार पुसले गेलेत हो. काल तुमच्याबरोबर पाचपर्यंत आले होते.”

घरमालकांनी काठी फरशीवरच्या आकड्यावर टेकवली.

“हा... राहिला,” ते म्हणाले.