दादाच्या काळजाचं चित्र

"श्वास रोखायची गरज नाही, दादा," ती माइकमधून म्हणाली. "डोळा लागला तर लागू दे."

काचेपलीकडे हृदयाची चित्रं काढणाऱ्या यंत्राच्या पोकळीतून त्याचे फक्त पाय दिसत होते. पायांत आईने विणलेले राखाडी मोजे. त्याने अंगठा हलवून बरं म्हटलं.

जुन्या यंत्रात माणसाला वीस-वीस वेळा श्वास रोखायला लागायचा. म्हाताऱ्यांचे तर हाल कुत्रा खायचा नाही. हे नवं यंत्र श्वासाच्या मागोमाग आपणच जायचं. चार-पाच ठोक्यांत अख्खं हृदय पडद्यावर उभं करायचं आणि रक्त कुठे पोचतं, कुठे पोचत नाही, ते रंगांत दाखवायचं. नसेतून तार घालणं नाही, काही नाही. ते सुरू झालं की खोलीत मंद ठकठक भरून राहायची आणि तिला दरवेळी आपण पाण्याखाली बसलोय असं वाटायचं.

जिना चढताना दादाच्या छातीत भरून यायला लागलं, तेव्हा आईने घर डोक्यावर घेतलं होतं. वडील छाती धरूनच गेले होते, तेही जिन्यातच. दादा म्हणाला, कशाला उगीच, दमलोय जरा. आईने जेवणच सोडलं. मग आला मुकाट्याने.

तो घरी परत आला त्याला आता वर्ष होत आलं होतं. सतराव्या वर्षी वडिलांशी भांडून गेला तो बावीस वर्षं गायब. ना पत्र, ना फोन. ती तेव्हा पाच वर्षांची होती. तिला आठवत होती फक्त त्याची निळी पिशवी आणि त्याच्या पाठीवर बसून केलेला घोडा घोडा. तीच पिशवी, पार विटलेली, घेऊन तो एका दुपारी दारात उभा राहिला. काही बोलणार, तेवढ्यात आईने त्याला मिठीच मारली. आईला अलीकडे सगळं धुक्यातून दिसायचं. तिने त्याच्या छातीच्या या बाजूला कान लावला, मग त्या बाजूला, आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

मग म्हणाली, "आलास? हातपाय धू. जेवायला वाढते."

सुरुवातीला तो पाहुण्यासारखा अवघडून बसायचा. पुढे रुळला. गळका नळ, दाराची कडी, आईच्या डोळ्यांत घालायचे थेंब, सगळं त्याने अंगावर घेतलं. आई दहा वर्षांनी लहान झाली. बहिणीला आधी जरा खुपलंच, खोटं कशाला बोला. इतकी वर्षं आईचं करणारी ती, आणि कौतुक मात्र याचं. पण संध्याकाळी घरी गेल्यावर तो दार उघडायचा, आणि तिला बरं वाटायचं.

आज तिला वेगळीच उत्सुकता होती. वडील रागाच्या भरात त्याला उलट्या काळजाचा म्हणायचे, आणि आई म्हणायची, अहो, त्यात त्याचा काय दोष? कारण ते खरंच होतं. दादाचं हृदय जन्मापासून उजवीकडे होतं. लहानपणी आई त्याच्या उजव्या बाजूला कान ठेवून त्याला झोपवायची. ही गोष्ट ऐकतच ती मोठी झाली, आणि या कामात आली तीही त्यामुळेच. सहा वर्षांत असं एकही हृदय तिच्यासमोर आलं नव्हतं. डॉक्टरांनाही तिने मुद्दामच सांगितलं नव्हतं. त्यांची तारांबळ बघायची होती.

पडद्यावरचं धुकं हललं, विरलं, आणि हृदय दिसू लागलं. निवांत धडधडत होतं. डावीकडे.

तिने कोपऱ्यातली, बाजू दाखवणारी अक्षरं तपासली. त्याला कसं झोपवलं होतं ते आठवून पाहिलं. पुन्हा चित्र घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. तरी डावीकडेच.

डॉक्टर आले आणि खूश झाले. एक रक्तवाहिनी किंचित अरुंद होती, गोळ्यांवर भागणार होतं.

"वडिलांचं दुखणं यांच्यात उतरलेलं दिसत नाही," ते म्हणाले. "नशीब म्हणायचं."

ती हो म्हणाली.

पलंग पोकळीतून बाहेर सरकला तेव्हा तो गाढ झोपला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. कोण होता हा माणूस? तिला संताप आला, रडूही आलं. हाताला धरून उठवावं आणि जाब विचारावा, असं वाटलं. तेवढ्यात त्याने डोळे उघडले.

"झालं? आईला फोन केलास का? जेवली नसेल ती."

"केला," ती म्हणाली. केला नव्हता.

चित्र मला दाखवायला आण, असं आईने सकाळीच बजावलं होतं. यंत्रात चित्र आरशासारखं उलटवायची सोय होती. रुग्णालयातलं खरं चित्र आणि खरा अहवाल तिने जसाच्या तसा ठेवला. आईसाठी मात्र दुसरं चित्र काढलं. एक कळ दाबली, आणि हृदय डावीकडून उजवीकडे गेलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिने खोटं चित्र काढलं.

घरी आल्यावर तो मागे कपडे वाळत घालायला गेला. आईने चित्र खिडकीशी नेलं आणि अगदी नाकाला लावून पाहिलं.

"कुठे आहे गं?"

"हे काय, इथे. उजवीकडे."

आईचं बोट त्या जागेवर बराच वेळ फिरत राहिलं. मग तिने कागदाची नीट गुंडाळी केली आणि लेकीच्या हातात दिली.

"लपवून ठेव. त्याच्या नजरेला पडू देऊ नकोस."

"का?"

आईने मागच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पहिल्या दिवशीच कान लावला होता मी. पिशवी घेऊन तो माझ्या लेकाचं काहीतरी सांगायला आला होता, बाळा. मी सांगू दिलं नाही."