पुढे गेलेली सायकल

कोंडीबानं केरबाचं नाव काढताच त्याच्या हातात चहाची बशी देत चहावाली गोजरबाई म्हणाली, “तुमी आज दुसरं.”

“दुसरं म्हंजी?”

“सकाळी एक सायकलवाला येऊन गेला. सांगवीच्या केरबा दिवाणजीचं इचारत हुता. तुमीबी त्येलाच बगाय निगालाय न्हवं?”

कोंडीबाच्या हातातली बशी तशीच राहिली.

तो सोलापुरात गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. मुलगी मुक्ता एकोणीस वर्षांची. मागचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं, पण दुसराच एक बाप आदल्या दिवशी जाऊन सुपारी फोडून आला. सुपारी फुटली की मुलगी दिली. त्यानंतर लग्न मोडलं, तर त्या मुलीला पुन्हा कोणी विचारत नाही.

या वेळी त्याला चूक करायची नव्हती. स्थळाची चौकशी स्थळाच्या गावात करायची नसते. तिथं सगळे गोडच बोलतात. म्हणून तो सायकलवर आडवाटेनं निघाला होता. कुंभारीवरून सीनेच्या काठाकाठानं खाली यायचं, नदी उतरून वडगावला जायचं. ते केरबानं सांगितलेलं मूळ गाव. मग सांगवी, आणि सांगवीहून घरी.

“काय काय इचारलं त्यानं?”

“कवा आला, संगं कोन हाय, लगीन झालंय का. वर डाव्या भिवईवर वण हाय का म्हनं! म्या म्हनलं, पाव्हणं, जावई बगताय का बैल?”

“आन् माणूस कसा हाय केरबा?”

“चार सालं बगतीया. तंबाकूसुदिक खात न्हाय. खालमानेनं येतो, खालमानेनं जातो. तुमच्या पोरीचं नशीब.”

पुढच्या गावात देवळापुढच्या म्हाताऱ्यांनी तेच सांगितलं. माणूस सोन्यासारखा. आणि हो, मघाशी एकजण हेच विचारून गेला.

वाट मुरमाची होती. एका बाजूला करडई फुलली होती, दुसऱ्या बाजूला सीनेचं पाणी चकाकत होतं. कोंडीबाला त्यातलं काही दिसलं नाही. तो पुढे गेलेल्या सायकलच्या चाकाची धुळीतली ओळ बघत पायडल मारत होता.

ओळ नदीच्या उताराजवळच्या बाभळीखाली संपली. तिथं एक किडकिडीत माणूस चाकाची ट्यूब ओढून बसला होता. त्याच्या कपड्यांवरची धूळ एका दिवसाची नव्हती.

“राम राम. काटा घुसला व्हय?”

“तर. बाभळीनं दावा साधला.”

“लांबनं आलाय जनू.”

“लई लांबनं.”

“कशापायी?”

त्या माणसानं क्षणभर कोंडीबाकडे पाहिलं. “बहिणीसाटी हिंडतोय.”

हाच तो दुसरा, कोंडीबानं ओळखलं. “वय झालं आसंल तिचं.”

“झालंय की. आई तिच्याकडं बगून झुरतीया. तिचं मार्गी लागलं म्हंजी मी सुटलो. तुमी?”

“मी आपला कापडाच्या कामानं.”

“सांगवीला कुटनं जायचं?”

सांगवीची वाट डावीकडे वळत होती. जेमतेम दोन मैल.

“नदी उतरा,” कोंडीबा म्हणाला. “पल्याड गेलं की सरळच.”

वडगाव राहिलं होतं. पण त्या वाटेवर आता हा माणूस असणार होता. कोंडीबा डावीकडे वळला.

सांगवीत, हे स्थळ सुचवणाऱ्या शेठच्या आडतीवर केरबा ज्वारी मापत होता. कोंडीबानं घाम पुसला आणि शेठला बाजूला घेतलं. “आजच सुपारी फोडू.”

शेठ हसला. “आरं, तुझी गाडी चुकतीया का काय? वडगावला जाऊन आलास?”

“गरज न्हाय. गावोगाव ऐकलं. उशीर केला तर दुसराच न्हेईल. एकजण मागनं येतोय, सायकलवर. बहिणीसाटी.”

केरबाच्या हातातलं माप थांबलं. “कसा हाय दिसायला?”

“किडकिडीत, काळा. तुमच्याच वयाचा.”

केरबा खाली मान घालून म्हणाला, “शेठ, मामांची तयारी हाय तर आजच उरकून घिऊ.”

कोंडीबाला भरून आलं. मुलानं आपण होऊन त्याच्या मुक्ताला निवडलं होतं.

गावातली चार शहाणी माणसं बोलावली. पोत्यांवर घोंगडं अंथरलं. शेठनं सर्वांसमोर विचारलं, कोंडीबानं तीनदा ‘दिली’ म्हटलं, आणि सुपारी फुटली. कोंडीबानं स्वतःच्या हातानं केरबाच्या तोंडात साखर घातली.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी भिंतीला सायकल टेकवली.

कोंडीबा लगबगीनं उठून दारात आडवा उभा राहिला. हसू त्याला आवरत नव्हतं. “पाव्हणं, उशीर केला. सुपारी फुटली.”

त्या माणसाचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं. त्यानं कोंडीबाकडे पाहिलंच नाही. त्याच्या खांद्यावरून आत केरबाकडे बघत त्यानं हात जोडले.

“दाजी,” तो म्हणाला, “अक्का अजून कुंकू लावतीया.”