बाईंच्या हातची सुई

"आजही खाणीजवळच्या वस्तीतले लोक डॉक्टरकडे जात नाहीत, बाईंकडे जातात!" प्रमुख पाहुण्यांनी माइकसमोर हात उंचावला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यासपीठावर बसलेल्या बाई संकोचून हसल्या. संकोच थोडा होता, सुख जास्त होतं. मांडीवरच्या पर्समध्ये फोन थरथरत होता, पण त्या टाळ्यांत त्यांना कुठून कळणार.

बाई त्या भागातल्या पहिल्या फिजिशियन असिस्टंट. डॉक्टरच्या देखरेखीखाली पेशंट तपासायचे, औषध द्यायचं, सुई टोचायची, असं ते काम. डॉक्टर शहरात, देखरेख फोनवरून आणि दगडखाणीजवळची अख्खी वस्ती बाईंच्या गळ्यात. सुरुवातीला लोक त्यांना 'अर्धी डॉक्टर' म्हणून चिडवायचे. तेव्हा वस्तीत एका भोंदूचं राज्य होतं. तो एकाच सुईने सगळ्यांना टोचायचा आणि वर देवासारखा मान घ्यायचा. त्याच्या सुईने माणसं दगावायला लागली, तेव्हा बाई दारोदार फिरल्या. "माझ्या हातची सोडून कोणाचीही सुई घ्यायची नाही," असं त्यांनी बायकांकडून वदवून घेतलं, लेकरांकडूनसुद्धा. भोंदूने गाशा गुंडाळला. वस्तीत लहानाची मोठी झालेली प्रत्येक पोर ते वाक्य ऐकतच वाढली.

मग दवाखान्याला पूर्णवेळ डॉक्टर मिळाला. त्यासाठी बाईंनीच कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. डॉक्टर तरुण होता, गुणी होता. आल्या आल्या म्हणाला, "बाई, मला एकदा वस्तीत घेऊन चला. तुम्ही ओळख करून दिलीत की लोक माझ्याकडेही येतील."

"जाऊ की," बाई म्हणाल्या.

ते जाणं राहूनच गेलं. कधी पाऊस होता, कधी काम होतं. डॉक्टर आपल्या खोलीत माश्या मारत बसायचा आणि बाईंच्या दारासमोर रांग लागायची. "आम्हाला बाईच पाहिजेत," असं रांगेतून कोणी म्हटलं की बाई वरवर रागवायच्या. आतून त्यांना गुदगुल्या व्हायच्या. खोटं कशाला बोला, आयुष्यभर 'अर्धी' म्हणवून घेतल्यावर हे पूर्णपण सोडवत नव्हतं.

सत्कार संपल्यावर त्यांनी फोन पाहिला. दवाखान्यातून किती वेळा तरी येऊन गेला होता. त्यांनी उलट लावला, कोणी उचलेना. त्या गुच्छासकट गाडीत बसल्या. डॉक्टर आहे ना तिथे, असं वाटेत स्वतःला बजावत राहिल्या.

दवाखान्यासमोर सगळी वस्ती जमली होती. बाई दिसल्या तशी लोकांनी वाट करून दिली. डॉक्टर पायरीवर बसला होता. त्याच्या कोटाची बाही खांद्यात उसवली होती. शेजारच्या ट्रेमध्ये भरलेली सुई तशीच पडली होती.

"खाणीत मोहोळ उठलं," तो मान वर न करता म्हणाला. "एका लहान मुलीला मधमाश्या चावल्या. घसा सुजत चालला होता. ही एक सुई दिली असती तर... मी हात जोडले, बाई. आईने हात लावू दिला नाही. जबरदस्ती करायला गेलो तर लोकांनी मला बाहेर ओढलं."

बाई आत धावल्या. बाकावर मुलीची आई बसली होती. ती स्वतः याच खोलीत, बाईंच्याच हातांवर जन्मली होती. तिच्या मांडीवर तिची मुलगी होती, ओठ निळे पडलेले. बाईंनी मानेवर बोटं ठेवली. मग मनगट चाचपलं, आणि पुन्हा मान. बोटांखाली काहीच नव्हतं.

आईचा चेहरा मात्र उजळला. तिने घाईघाईने मुलीची बाही वर सारली आणि तो लुळा दंड बाईंपुढे धरला.

"आलात ना? घ्या, टोचा लवकर. त्या माणसाला जवळसुद्धा येऊ दिलं नाही. तुमचा शब्द मोडला नाही मी, बाई."